‘माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!’ सर्व्हरवर टाकलेलं जावा ॲप का बंद पडतं आणि चूक कुठे शोधायची?

प्रोजेक्ट पूर्ण झालेला असतो. एक्लिप्समध्ये रन केलं की लॉगिनचं पान उघडतं, डेटाबेसमधली नावं दिसतात, सगळं सुरळीत चालतं. मग तेच ॲप सर्व्हरवर टाकायची वेळ येते आणि पांढऱ्या पानावर निळसर पट्टीत एकच ओळ दिसते, ‘एचटीटीपी स्टेटस ४०४ – नॉट फाउंड’.

डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना हे पान चांगलंच ओळखीचं. पण ज्यांनी आयुष्यात कोडची एक ओळ लिहिली नाही, त्यांनीही असलं पान कधी ना कधी पाहिलेलं असतं. एखाद्या निकालाच्या दिवशी किंवा फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला. खाली बारीक अक्षरांत ‘अपाचे टॉमकॅट’ असं लिहिलेलं असतं.

यानंतर बरेच जण कोड बदलायला बसतात. काही जण टॉमकॅट काढून पुन्हा टाकतात. पण अशा वेळी कोड अनेकदा ठीकच असतो. जुळत नसते ती त्याची नवी जागा. आणि नेमकं काय जुळत नाहीये, हे सर्व्हरने बहुतेक वेळा लिहूनही ठेवलेलं असतं. फक्त ते ब्राउझरमध्ये लिहिलेलं नसतं.

ते कुठे लिहिलेलं असतं आणि कसं वाचायचं, ते पाहूया.

डिप्लॉयमेंट म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, ॲपचं बिऱ्हाड हलवणं. तुमच्या लॅपटॉपवर त्याला हवं ते सगळं हाताशी होतं. योग्य जावा, लागणाऱ्या लायब्ररी, डेटाबेस, पासवर्ड. नव्या घरी यातलं काय आहे आणि काय नाही, हे सामान हलवल्यावरच कळतं.

जावा वेब ॲपचं सामान एका खोक्यात भरलं जातं. त्याला वॉर फाइल म्हणतात. युद्धाशी याचा काही संबंध नाही, ‘वेब ॲप्लिकेशन आर्काइव्ह’चं ते लघुरूप आहे. खरं तर ती एक झिप फाइलच असते. नावाचा शेवटचा भाग बदलून ‘झिप’ केला तर कोणत्याही कॉम्प्युटरवर उघडून बघता येते.

आत एचटीएमएल आणि जेएसपी पानं असतात आणि ‘वेब-इन्फ’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यातल्या ‘क्लासेस’मध्ये तुमचा कंपाइल झालेला कोड असतो. ‘लिब’मध्ये जार फाइल, म्हणजे लायब्ररी. आणि ‘वेब डॉट एक्सएमएल’ ही फाइल कोणत्या पत्त्यावर कोणता क्लास चालवायचा ते सांगते. नव्या ॲपमध्ये हे काम कोडमधल्या ॲनोटेशननेही होतं, त्यामुळे ही फाइल प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही.

हे खोकं उघडून ॲप चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी तो लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये तो अपाचेकडे आला. टॉमकॅट म्हणजे बोका. स्वतःची काळजी स्वतः घेणारा प्राणी म्हणून हे नाव दिलं गेलं. पण बोक्याला काय चालतं आणि काय नाही, हे आपल्यालाच बघावं लागतं.

सुरुवात स्वतःच्या ॲपपासून करू नका

नळाला पाणी येत नसेल तर आपण लगेच भिंत फोडत नाही. आधी टाकी बघतो, मग शेजाऱ्यांकडे येतंय का ते विचारतो. इथेही तसंच करायचं आहे.

टॉमकॅटच्या अधिकृत माहितीपानांवर ‘सॅम्पल’ नावाची एक छोटी वॉर फाइल मिळते. तिच्यात डेटाबेस नाही, लॉगिन नाही. एक साधं पान आणि त्यावर दोन लिंक, एक जेएसपीची आणि एक सर्व्हलेटची. ही फाइल टॉमकॅटच्या ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये टाकली की तो ती आपोआप उलगडतो. मग या पायऱ्या एकेक करून बघा.

१. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पुढे कोलन देऊन ८०८० टाका. टॉमकॅटचं स्वागताचं पान दिसतंय का? दिसलं, तर सर्व्हर सुरू आहे.

२. त्यापुढे तिरकी रेघ देऊन सॅम्पल लिहा. पान उघडलं, तर वॉर फाइल उलगडली जाते आहे.

३. जेएसपीची लिंक दाबा. चालली, तर टॉमकॅट जेएसपी कंपाइल करू शकतो आहे.

४. सर्व्हलेटची लिंक दाबा. चालली, तर आधीच कंपाइल केलेला क्लासही त्याला वाचता येतो आहे.

५. आता तुमचं ॲप.

ज्या पायरीवर अडलं, चूक तिथे आहे. पहिलीवरच अडलं असेल तर तुमच्या कोडला हात लावायची गरजच नाही. चारही पार झाल्या आणि पाचवीवर अडलं, तर टॉमकॅट पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही. दहा मिनिटांत शोधाचं क्षेत्र निम्म्याहून कमी होतं.

ब्राउझर काय सांगतो?

ब्राउझरमधला संदेश कारण सांगत नाही. तुमची विनंती कुठपर्यंत पोचली, एवढंच सांगतो. पण तेही कामाचं आहे.

‘कनेक्शन रिफ्युज्ड’ म्हणजे तुम्ही मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. टॉमकॅट सुरूच झाला नसेल किंवा सुरू होता होता बंद पडला असेल. ८०८० हे पोर्ट आधीच दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेलं असणं, हे टॉमकॅट नीट सुरू न होण्याचं एक नेहमीचं कारण. तेव्हा लॉगमध्ये ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं दिसतं. बहुतेक वेळा तो दुसरा प्रोग्रॅम म्हणजे तुमच्याच एक्लिप्सने सुरू करून ठेवलेला टॉमकॅट असतो.

नुसतंच गोल गोल फिरत राहिलं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ आलं, तर शंका फायरवॉलवर घ्या. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हे हमखास होतं. सर्व्हरच्या आतून पान उघडतं, बाहेरून उघडत नाही. तिथे ८०८० पोर्ट बाहेरच्यांसाठी मुद्दाम उघडावं लागतं.

‘४०४’ म्हणजे टॉमकॅट सुरू आहे, पण त्या पत्त्यावर त्याच्याकडे द्यायला काही नाही. याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, पत्ता चुकला. पत्त्यातलं ॲपचं नाव वॉर फाइलच्या नावावरून ठरतं आणि त्यात लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. दोन, पत्ता बरोबर आहे, पण ॲप सुरूच झालेलं नाही. दुसऱ्या प्रकारात पत्ता कितीही वेळा तपासला तरी काही हाती लागत नाही.

‘५००’ म्हणजे ॲप सुरू आहे, विनंती तुमच्या कोडपर्यंत पोचली आणि तिथे काहीतरी मोडलं. गंमत म्हणजे अनेकांना ५०० ची भीती ४०४ पेक्षा जास्त वाटते. खरं तर तुम्ही एक पायरी पुढे आलेले असता.

लॉग कुठे असतो आणि कसा वाचायचा?

टॉमकॅटच्या फोल्डरमध्ये ‘लॉग्स’ नावाचं फोल्डर असतं. त्यात ‘कॅटलिना’ नावाने सुरू होणारी फाइल सगळे उघडतात. त्यात अशा अर्थाची ओळ सापडते की, एक किंवा अधिक लिसनर सुरू होऊ शकले नाहीत, तपशील योग्य त्या लॉग फाइलमध्ये मिळेल. त्याखाली, आधीच्या चुकांमुळे सॅम्पल ॲप सुरू झालं नाही, असं लिहिलेलं असतं.

इथेच बरेच जण अडकतात. कारण ती ‘योग्य लॉग फाइल’ म्हणजे शेजारीच असलेली, ‘लोकलहोस्ट’ नावाने सुरू होणारी आणि पुढे तारीख असलेली फाइल असते. खरं कारण अनेकदा तिच्यात असतं आणि ती फाइल कोणी उघडलेलीच नसते. लिनक्सवर टॉमकॅट पॅकेजमधून टाकला असेल तर हे लॉग सहसा ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’ फोल्डरात सापडतात.

लॉग उघडला की शेकडो ओळी अंगावर येतात. त्या सगळ्या वाचायच्या नसतात. दोनच गोष्टी शोधायच्या.

पहिली, सर्व्हर शेवटचा सुरू केला तिथपासून सगळ्यात पहिली ‘सिव्हिअर’ नोंद. नंतरच्या बऱ्याच चुका पहिलीमुळेच झालेल्या असतात.

दुसरी, त्या नोंदीतलं सगळ्यात शेवटचं ‘कॉज्ड बाय’. जावा चुकांची साखळी उलट्या क्रमाने लिहितो. वर परिणाम, खाली कारण. ‘लॉगिन सर्व्हिस तयार झाली नाही’ हे वर असेल, ‘कारण डेटाबेसशी संपर्क झाला नाही’ हे मधे, आणि ‘कारण पासवर्ड नाकारला’ हे सगळ्यात खाली.

नोंदींमधली पहिली आणि त्या नोंदीतलं शेवटचं, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. वरची लांबलचक ओळ कॉपी करून सर्च केली तर हजारो लोकांचे हजार वेगळे प्रश्न समोर येतात. सगळ्यात खालची ओळ सर्च केली तर बहुतेकदा तुमचाच प्रश्न सापडतो.

आता नेहमी भेटणाऱ्या चुका बघूया.

जावाची आवृत्ती जुळत नाही: ४४ वजा करा

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ ही बहुधा सगळ्यात प्रामाणिक एरर असेल. ती स्पष्ट सांगते की, हा क्लास ६१ क्रमांकाच्या आवृत्तीत कंपाइल झालाय आणि इथला जावा फक्त ५५ पर्यंतच ओळखतो.

पण हे ६१ आणि ५५ म्हणजे काय? या आकड्यातून ४४ वजा करा. ६१ म्हणजे जावा १७. ५५ म्हणजे जावा ११. ५२ असेल तर जावा ८, ६५ असेल तर जावा २१. म्हणजे लॅपटॉपवर तुम्ही जावा १७ ने कोड कंपाइल केला आणि सर्व्हरवर जावा ११ आहे. नवा जावा जुन्या आवृत्तीत कंपाइल झालेला कोड वाचू शकतो, जुन्या जावाला मात्र नवा कोड वाचता येत नाही.

उपाय दोन. सर्व्हरवर नवा जावा टाका किंवा प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये जुन्या आवृत्तीसाठी कंपाइल करा. एक गोष्ट मात्र तपासा. टर्मिनलमध्ये दिसणारा जावा आणि टॉमकॅट वापरतो तो जावा वेगळा असू शकतो. टॉमकॅट सुरू होताना आपली जावा आवृत्ती लॉगच्या सुरुवातीलाच लिहितो. विश्वास त्या ओळीवर ठेवा.

टॉमकॅटच्याही अटी असतात. टॉमकॅट ९ ला किमान जावा ८ लागतो, १०.१ ला जावा ११ आणि टॉमकॅट ११ ला जावा १७.

जावाएक्स की जकार्ता? एका नावाने घातलेला घोळ

ही चूक समजायला थोडा इतिहास लागतो. २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतली आणि जावाही तिच्याकडे आला. २०१७ मध्ये ओरॅकलने ठरवलं की जावाचा मोठ्या वेब ॲपसाठीचा भाग, म्हणजे जावा ईई, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचा. पण ‘जावा’ या नावाचा ट्रेडमार्क ओरॅकलकडेच राहिला. त्यामुळे २०१८ मध्ये नवं नाव आलं, जकार्ता ईई. जकार्ता हे शहरही जावा बेटावरच आहे.

नाव बदलून भागलं नाही. कोडमध्ये सर्व्हलेटसारख्या गोष्टींची नावं ‘जावाएक्स’ या शब्दाने सुरू व्हायची. ती नावं पुढे बदलत-वाढवत वापरण्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही, हे २०१९ मध्ये जाहीर झालं. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये ही सगळी नावं ‘जकार्ता’ने सुरू होऊ लागली.

टॉमकॅट ९ ला ‘जावाएक्स’ कळतं. टॉमकॅट १० आणि त्यापुढच्यांना ‘जकार्ता’. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही.

आता कल्पना करा. विद्यार्थी जुनं पुस्तक किंवा जुना व्हिडिओ बघून ‘जावाएक्स’वाला कोड लिहितो आणि डाउनलोड करतो सगळ्यात नवा टॉमकॅट. पुस्तक बरोबर, कोड बरोबर, टॉमकॅटही बरोबर. तरी चालत नाही. जुनं सॅम्पल ॲप टॉमकॅट १० वर टाकलं तर हे स्पष्ट दिसतं. पहिलं पान उघडतं. जेएसपीही चालते, कारण ती सर्व्हरवरच नव्याने कंपाइल होते. सर्व्हलेटची लिंक दाबली की मात्र ५००. लॉगमध्ये सगळ्यात खाली, ‘जावाएक्स’ने सुरू होणारा एचटीटीपी सर्व्हलेटचा क्लास सापडला नाही, असं लिहिलेलं असतं.

स्प्रिंग बूट वापरणाऱ्यांसाठी याचा आणखी त्रासदायक प्रकार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेलं स्प्रिंग बूट ३ ‘जकार्ता’वर चालतं. त्याची वॉर फाइल टॉमकॅट ९ वर टाकली तर अनेकदा एररच येत नाही. ॲपची सुरुवात करून देणारा क्लास टॉमकॅटला ओळखूच येत नाही, म्हणून तो त्याला हाकच मारत नाही. लॉग म्हणतो डिप्लॉयमेंट पूर्ण झालं, ब्राउझर म्हणतो ४०४. लॉग स्वच्छ आणि तरी ४०४ असं दिसलं, तर आधी ही जोडी तपासा.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कोडशी जुळणारा टॉमकॅट वापरणं. जुना कोड नव्या टॉमकॅटवरच चालवायचा असेल, तर अपाचेने त्यासाठी रूपांतराचं साधन दिलं आहे. टॉमकॅट १० मध्ये ‘वेबॲप्स-जावाईई’ नावाचं फोल्डर करून त्यात जुनी वॉर टाकली, तर तो ती स्वतःच रूपांतरित करून घेतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एडिटरमध्ये ‘सगळीकडे बदला’ असं करून प्रत्येक ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ करू नका. डेटाबेससाठी लागणारं ‘जावाएक्स एसक्यूएल’ किंवा ‘जावाएक्स नेमिंग’ हे मूळ जावाचाच भाग आहेत. त्यांची नावं बदललेली नाहीत. ती बदललीत तर नवीच चूक तयार होते.

लायब्ररी लॅपटॉपवर होती, खोक्यात नाही

‘क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन’ आली आणि क्लासचं नाव मायएसक्यूएल ड्रायव्हरचं असेल, तर वॉर फाइल उघडून ‘लिब’ फोल्डर बघा. ड्रायव्हरची जार तिथे आहे का? एक्लिप्समध्ये ‘बिल्ड पाथ’ला जार जोडली म्हणजे ती वॉरमध्ये भरली जाईलच असं नाही. मेव्हन वापरत असाल तर त्या लायब्ररीला ‘प्रोव्हायडेड’ असं लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ ‘ही सर्व्हरकडे असेल, सोबत घेऊ नको’ असा होतो.

उलटही होतं. सर्व्हलेटची मूळ जार टॉमकॅटकडे असतेच, ती वॉरमध्ये भरायची नसते. आणि ‘नो सच मेथड एरर’ दिसली, तर एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शिरल्याची शंका घ्या. क्लास सापडतो, पण भलत्याच आवृत्तीतला.

‘लोकलहोस्ट’ म्हणजे कोणाचं घर?

कोडमध्ये डेटाबेसचा पत्ता ‘लोकलहोस्ट’ लिहिलेला असतो. लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच मशीन’. लॅपटॉपवर त्याचा अर्थ तुमचा लॅपटॉप असा होतो, सर्व्हरवर गेल्यावर तो सर्व्हर. डेटाबेस तिथे नसेल तर ‘कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर’ येते, म्हणजे डेटाबेसपर्यंत पोचताच आलं नाही. ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं, तर पोचलात, पण युजरनेम, पासवर्ड किंवा परवानगी चुकली. पहिल्या चुकीसाठी पासवर्ड बदलत बसणं आणि दुसरीसाठी फायरवॉल तपासत बसणं, दोन्ही वेळ वाया घालवणं आहे.

विंडोजवरून लिनक्सवर आलात तर आणखी एक अडचण येते. विंडोजवर फाइलचं नाव मोठ्या अक्षराने लिहिलं काय किंवा लहान, फरक पडत नाही. लिनक्सवर त्या दोन वेगळ्या फाइल असतात. मायएसक्यूएलच्या टेबलांच्या नावांचंही सहसा तसंच होतं. लॅपटॉपवर सापडणारं टेबल सर्व्हरवर ‘अस्तित्वात नाही’ असं उत्तर येतं.

बदल केला, तरी जुनंच पान दिसतंय

कधीकधी नवी वॉर टाकूनही जुनंच ॲप दिसत राहतं. अशा वेळी टॉमकॅट बंद करा, ‘वेबॲप्स’मधलं उलगडलेलं जुनं फोल्डर आणि ‘वर्क’ फोल्डरमधली त्या ॲपची कंपाइल झालेली पानं काढा, मग पुन्हा सुरू करा. ब्राउझरची साठवणही एकदा साफ करा.

पण काढण्याआधी थांबा. वापरणाऱ्यांनी अपलोड केलेले फोटो, कागदपत्रं तुमचं ॲप त्याच उलगडलेल्या फोल्डरमध्ये साठवत असेल, तर फोल्डरबरोबर तीही जातील. अपलोड केलेल्या फाइलची जागा नेहमी ‘वेबॲप्स’च्या बाहेर ठेवावी, ती यासाठीच.

एका सर्व्हरवरची चूक, ४५ मिनिटं आणि ४४ कोटी डॉलर

हे सगळं विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टपुरतं आहे असं वाटत असेल, तर अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीचं उदाहरण बघा. तो प्रोग्रॅम जावा वेब ॲप नव्हता, पण चूक डिप्लॉयमेंटचीच होती.

कंपनीला ८ सर्व्हरवर नवा कोड टाकायचा होता. एकावर तो टाकायचा राहिला आणि दुसऱ्या कोणी ते तपासलं नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवर, वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला. तो सुटल्यासारखा ऑर्डर टाकत राहिला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. बाजार उघडण्याआधीच यंत्रणेने चुकीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. त्यावर कोणी काही केलं नाही. आणि गोंधळ सुरू झाल्यावर कारण न समजताच बरोबर चालणाऱ्या ७ सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला. त्यामुळे तिथेही जुना कोड जागा झाला आणि गोंधळ वाढला.

संदेश न वाचणं आणि कारण न कळता बदल करणं, या त्याच दोन चुका आपण ४०४ दिसल्यावर करतो.

दुरुस्तीच्या नादात हे करू नका

• एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. चालू झालं तरी कशामुळे झालं हे कळणार नाही.

• ‘परमिशन डिनाइड’ दिसलं म्हणून सगळ्या फोल्डरला ७७७ परवानगी देऊ नका किंवा टॉमकॅट रूट युजरने चालवू नका. त्याने घराचं दार सताड उघडं राहतं. ज्या युजरने टॉमकॅट चालतो, त्याला लागेल तेवढीच परवानगी द्या.

• टॉमकॅटचं ‘मॅनेजर’ ॲप सोप्या पासवर्डने इंटरनेटवर उघडं ठेवू नका. त्यातून कोणीही आपली वॉर फाइल तुमच्या सर्व्हरवर टाकू शकतो.

• ‘जुना टॉमकॅट टाकला की चालतं’ म्हणून बंद झालेल्या आवृत्तीवर जाऊ नका. टॉमकॅट ८.५ चा सपोर्ट ३१ मार्च २०२४ रोजी संपला. त्यात आता सापडणाऱ्या त्रुटी अपाचे दुरुस्त करून देत नाही.

• लॉग कुणालाही पाठवण्याआधी, मग तो ग्रुप असो की एआय चॅटबॉट, त्यातले पासवर्ड, आयपी पत्ते आणि लोकांची नावं-नंबर काढून टाका.

मदत मागायचीच असेल तर

सगळं करूनही अडलं, तर विचारण्यात कमीपणा नाही. पण ‘ॲप चालत नाही, प्लीज हेल्प’ आणि सोबत ४०४ चा फोटो, यावर कोणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. त्याऐवजी पाच ओळी लिहा. टॉमकॅटची आवृत्ती. टॉमकॅटच्या लॉगमध्ये दिसणारी जावाची आवृत्ती. पाचपैकी कोणत्या पायरीवर अडलं. लॉगमधली पहिली ‘सिव्हिअर’ नोंद आणि तिच्यातलं शेवटचं ‘कॉज्ड बाय’. आणि शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं.

अनुभवी माणसाला यावरून बहुतेकदा लगेच अंदाज येतो. आणि बऱ्याच वेळा या पाच ओळी लिहिता लिहिताच चूक आपल्याला स्वतःला दिसते.